डोळ्यांची उंची

नव्या मुख्य कचेरीच्या दालनाचं चित्र काढायचं काम आलं, तेव्हा ड्राफ्ट्समनला बरंच वाटलं. बायको गेल्यापासून घरात तो आणि सात वर्षांची मुलगी. तेवढंच मन रमेल, म्हणून त्याने जीव ओतून चित्र काढलं. लांबलचक फरशी, दोन्हीकडे खांब, टोकाला चौथरा आणि त्यावर एकच खुर्ची.

साहेबांनी ते बराच वेळ पाहिलं. "क्षितिजरेषा कुठे धरलीत?"

"पाच फुटांवर, साहेब. आत येणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. माझ्याच डोळ्यांची मोजली."

"खाली घ्या. आत आल्याबरोबर माणसाला आपली जागा कळली पाहिजे."

त्याने रेषा साडेचारवर आणली. खुर्ची उंच गेली, खांब अंगावर आले. मग हात धुवायला गेला, तर आरशात नुसतं कपाळ दिसलं. आरसा कोणीतरी वर टांगला असेल, असं म्हणून त्याने विषय सोडला. शेजारच्या टेबलावरच्या बाई मात्र हसल्या. "अहो, थोरल्या भावाची पँट घालून आलात की काय?"

"अजून खाली," दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले.

चार फूट. जिन्याचा कठडा खांद्याला लागला. कोणाला सांगणार? लोक वेड्यात काढतील. त्याला भीती स्वतःसाठी नव्हती; पोरीच्या पाठीशी उभं राहायला दुसरं कोण होतं?

चित्र गुंडाळून तो भर दुपारी घरी पळाला. स्टुलावर चढून त्याने दाराची वरची कडी लावली, मग टेबलापाशी येऊन ती रेषा खोडली आणि पाच फुटांवर नवी ओढली. ओढली की ती खालीच उमटायची. पुन्हा खोडली. आता ती साडेतीनवर होती.

मुलगी जवळ आली. तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या अगदी समोर होते.

"बाबा... तू बसलायस ना?"

तो उभा होता.

दार वाजलं. "चित्र घ्यायला आलोय..." आवाज साहेबांचाच, पण छताजवळून आल्यासारखा.

त्याने तिला पाठीमागे घेतलं. तेवढ्यात तो आणखी खाली गेला होता; तिची हनुवटी त्याच्या डोक्याला टेकली.

"घाबरू नकोस," तो कुजबुजला. "कडी खूप वर आहे... तिथे कोणाचा हात पोचत नाही."

घरात तिसरं कोणी नव्हतं. तरी वर, आतल्या बाजूने, कडी सावकाश सरकत गेली.