यादीतलं शेवटचं घर

"आधी माझं बाळ," लेक म्हणाली, आणि लशीच्या थंड पेटीच्या झाकणावर तिने तळहात दाबून धरला.

नऊ वर्षांनी ती या स्वयंपाकघरात उभी होती. आल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. कडेवर नऊ महिन्यांचं पोर, आणि डोळे आईच्या ओठांवर रोखलेले... कारण ऐकणं तिचं सहाव्या वर्षीच संपलं होतं, आणि तेव्हापासून जगातलं सगळं बोलणं ती ओठांवरूनच वेचत आली होती.

शहरात गोवर पसरला होता. खालच्या आळीत चार मुलं तापाने फणफणली होती. बाहेरच्या खोलीत सिस्टर सुया मांडत होत्या. नऊ वाजता दार उघडायचं, आता साडेआठ.

यादीत मुलं एक्केचाळीस.

पेटीत डोस चाळीस. पुढची पेटी आठ दिवसांनी, नाहीतर पंधरा.

एक्केचाळिसावं नाव आईने आत्ताच, लेक आल्यावर, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. नातवाचं.

नियमच तसा होता. चोवीस वर्षांपूर्वी वरची आळी आणि खालची आळी एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. दोन वर्षं ना डॉक्टर फिरकला, ना पाण्याची गाडी. शेवटी दोन्हीकडच्या नऊ बायका मधल्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. वरून ही आई, खालून शाळेतली मास्तरीणबाई, आणि आणखी सात. पाणी आलं, दवाखाना आला. विश्वास मात्र कुठून आणायचा? म्हणून ठरलं की जी यादी करील, तिचं घर सगळ्यात शेवटी. यादी हिने घेतली. लोक तिला यादीवाल्या काकू म्हणू लागले आणि दगड थांबले.

पहिल्याच लसीकरणात शेवटच्या घराआधी डोस संपले.

अठराव्या दिवशी मुलगी गोवराने तापली. त्याआधी सगळी आळी तिला 'बडबडी' म्हणायची. नंतरही म्हणत राहिली, सवयीने. ती वळून बघेनाशी झाली, एवढंच.

"मी भांडायला आले नाहीये," लेक म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा, स्वतःला न ऐकू येणाऱ्या माणसाचा. "वशिला लावायला आलेय. सख्खी आजी यादी करते म्हटल्यावर एवढं तरी चालत असेल ना तुमच्यात?"

आईने सावकाश, ओठ नीट हलवत समजावलं. आज नाव वर घेतलं तर खालची आळी काय म्हणेल, बावीस वर्षांचं काम कसं एका सकाळीत मातीत जाईल, आठ दिवस बाळाला घराबाहेर काढू नकोस म्हणजे झालं... बोलता बोलता तिला स्वतःचेच शब्द ओळखीचे वाटले. तेव्हाही ती हेच म्हणाली होती. आठ दिवसांनी काय होतंय.

लेक शांतपणे ऐकून, म्हणजे बघून, घेत होती.

"पान अकरा," ती म्हणाली.

आईला कळेना.

मग लेकीने सांगितलं. छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामावर लागून तिला दोन महिने झाले होते, तेव्हा टेबलावर एक पुस्तिका आली. शांततेसाठी, आरोग्यासाठी झटणाऱ्या देशोदेशींच्या बायकांच्या गटांचं संमेलन, त्यातली भाषणं. पान अकरावर आईचं भाषण होतं. आणि खाली कंसात, सर्व प्रतिनिधींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"'मी माझ्या मुलीचे कान दिले, तेव्हा दोन आळ्या एक झाल्या.' एक काना चुकला होता त्यात. मी दुरुस्त केला आणि त्याच संध्याकाळी घर सोडलं." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "कान कुणाचे होते, आई?"

म्हणजे त्यासाठी गेली होती ही... आणि आपण समजत होतो, नोकरीसाठी.

आई शेगडीकडे वळली, रिकाम्या भांड्याला उगीच हात लावला आणि म्हणाली, "चुकलं माझं, पोरी."

"काही बोललीस का?" मागून लेकीने विचारलं. "खांदे हलले तुझे."

आईचा हात भांड्यावरच थिजला. लेक घर सोडून जाईपर्यंत तेरा वर्षं आई हे म्हणत आली होती. वेणी घालताना, पाठीमागून. कपड्यांच्या घड्या घालताना, कपाटाकडे तोंड करून. मुलगी झोपल्यावर तिच्या केसांत तोंड खुपसून. हजार वेळा म्हटलं असेल. आणि एकदाही समोरून नाही, कारण त्या डोळ्यांत बघायचं धैर्य नव्हतं. जिला ओठ दिसल्याशिवाय शब्द पोचत नाही, तिला एकही शब्द पोचला नव्हता.

नऊ वाजले.

आईने यादी उचलली, एक कोरा कागद घेतला आणि सिस्टरांच्या शेजारी बसून पाच मिनिटांत नवी यादी केली. मग दार उघडलं. पायऱ्यांवर दोन्ही आळ्या उभ्या होत्या. तिने सांगितलं की जुना नियम संपला. ज्यांना अजून एकही डोस मिळालेला नाही ती मुलं आधी, त्यांतही लहान आधी. ज्यांना एक मिळालाय ती मागे.

"मग नातू कितवा, काकू?" खालच्या आळीतल्या दूधवालीने विचारलं.

"तिसरा."

कुणीतरी हसलं. मग हसणं विरलं, आणि जे उरलं ते वाईट होतं.

"नातू आला नि नियम गेला," दूधवाली म्हणाली. "बावीस वर्षं आम्हाला काय शिकवत होतात?"

"बरोबर बोलतेस. पोटच्या पोरीसाठी मोडायला हवा होता, नातवासाठी मोडतेय. आजपासून यादी माझ्याकडे नको."

तिने कागद मास्तरीणबाईंच्या हातात दिला. बाईंनी चष्मा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नाव बोटाने तपासलं. पायऱ्यांवर कुणी हलत नव्हतं. मागच्या बाजूला दोन पुरुष भिंतीपासून सुटून पुढे सरकले होते. आईने ते पाहिलं.

"एक्केचाळीस, माझी नात," बाई म्हणाल्या. "तिचा एक झालाय. थांबेल ती." आणि चष्म्यावरून दूधवालीकडे बघत, "तुझं पोर सहावं. तोंड चालवण्यापेक्षा पाय चालव."

रांग लागली. कुरकुरत, पण लागली. दोघी-तिघी मात्र आईच्या नजरेला नजर न देता आत शिरल्या. त्या पुन्हा कधीच देणार नव्हत्या, हे तिला कळलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने जे दिलं होतं ते तिचं स्वतःचं होतं.

ती आत आली. लेक खिडकीशी उभी होती. आई तिच्या अगदी समोर गेली, उजेडात, आणि या वेळी मान खाली जाऊ दिली नाही.

"कान तुझे होते. मी न विचारता दिले, आणि टाळ्या मी घेतल्या. चुकलं माझं, पोरी."

लेकीचे डोळे त्या ओठांवरून हलले नाहीत. ते भरून आले, आणि भरल्यामुळे तिला नीट दिसेना. तिने रागाने मनगटाने पुसले.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "हळू."

आईने पुन्हा सांगितलं. मग पुन्हा.

बाहेर सिस्टरांनी तिसरा नंबर पुकारला. लेकीला ऐकू येणं शक्यच नव्हतं. आईलाही आलं नाही. शेवटी मास्तरीणबाई आत डोकावल्या, त्यांनी लेकीच्या कडेवरून बाळ उचललं आणि रांगेत नेऊन उभ्या राहिल्या.