पिवळा घाम

फोन आला तेव्हा सहायक पोलिस निरीक्षक उज्वला पेखळे स्टेशनच्या ओट्यावर उन्हात उभ्या राहून चहा घेत होत्या. पौषातली थंडी. गंगापूर धरणाकडून येणारा वारा स्वेटरमधूनही आत शिरत होता.

"मॅडम, धावणाऱ्या मुलींच्या अकादमीतली एक पोरगी गेली," हवालदार सहादू म्हणाला. "सरावात कोसळली. डॉक्टरीणबाई म्हणतायत, तुम्ही स्वतः या."

डॉक्टर निकिता दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या.

"सरिता भोये. हरसूलच्या बाजूची. अठरा वर्षांची," त्या म्हणाल्या. "आणली तेव्हा अंग भाजत होतं. बर्फ लावला, थंड सलाईन दिलं. ताप उतरायच्या ऐवजी चढतच गेला. शेवटी हृदय थांबलं."

"उष्माघात?"

"या थंडीत? नाही. शरीराच्या आत भट्टी पेटवणारं काहीतरी तिच्या पोटात गेलंय. रक्त तपासायला पाठवलंय, पण उत्तर लगेच येत नाही. सोबत आलेल्यांना मी परत परत विचारलं, हिने काय घेतलं होतं? सगळे एकच सांगतात. हळदीच्या गोळ्या."

"हळदीने असं होतं?"

"हळदीने माणूस मरत नाही, मॅडम."

अकादमी म्हणजे एक मैदान, पत्र्याचं वसतिगृह आणि प्रशिक्षकांची खोली. योगेश शिरसाठ सर टेबलावर हात टेकून बसले होते. डोळे लाल. रविवारी निवड चाचणी होती आणि सगळ्या आशा सरितावरच होत्या.

"हळदीच्या गोळ्या कशासाठी?" उज्वलांनी विचारलं.

"अँटिऑक्सिडंट. जोरदार सराव झाला की शरीरात घातक कण तयार होतात, स्नायूंची झीज होते. गोळीने ती भरून निघते, असं अमित सांगतो. आमचा मसाजवाला. आहाराचंही तोच बघतो. सगळ्या मुली घेतात."

"सरिताशी तुमचं काही वाजलं होतं?"

सरांनी टेबलावरचे हात मागे घेतले. मग म्हणाले, "पायाच्या दुखण्याने ती घरी बसली होती. परत आली तेव्हा वजन वाढलेलं. सगळ्यांसमोर बोललो मी तिला. पण नंतर उतरलं वजन. झपाट्याने."

"दवाखान्यात कोण गेलं?"

"मी आणि हर्षाली, रुग्णवाहिकेतून. अमित मागून मोटरसायकलवर आला, तिचं आधार कार्ड घेऊन."

हर्षाली सरिताच्या खोलीत राहायची. चाचणीसाठी सरितानंतर तिचाच नंबर होता. ती खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती.

"सरिताला काही त्रास होत होता?"

"रात्रभर तळमळायची. अंगावर काही घ्यायची नाही. मी दोन गोधड्या घ्यायचे आणि ती खिडकी उघडायची. छातीत धडधडतं म्हणायची."

"कुणाला सांगितलं तिने?"

"अमितदादाला. तो म्हणाला, शरीरातला गंज निघतोय, सहन कर."

"तूही त्याच गोळ्या घेतेस?"

"हो. मला तर काहीच होत नाही." ती एकदम रडू लागली. "आता लोक म्हणतील, हिला जागा मिळावी म्हणून हिनेच काहीतरी केलं."

उज्वलांनी सरिताचं कपाट उघडलं. वह्या, बूट, देवाचा फोटो आणि गोळ्यांची बाटली. सरिता दिवाळीपासून गोळ्या घेत होती, तरी बाटली जवळजवळ भरलेली होती. झाकणाचं कागदी सील नुकतंच फाडलेलं दिसत होतं.

दाराशी कुणीतरी खोकलं. तानुबाई, सरिताची आई. निरोप ऐकून ती जीपने हरसूलहून आली होती. छातीशी एक पिशवी धरलेली.

"मागल्या बाजाराला घरी आलेली, तवा कापडं ठेवून गेली," ती म्हणाली. "धुऊन आणलीत. आता कुणाला देऊ?"

तिने धावायची बंडी बाहेर काढली. पांढऱ्या बंडीवर काखेत आणि पाठीवर पिवळे डाग होते.

"हे कशाचे, मावशी?"

"घामाचं. हळदीच्या गोळ्या खाते म्हनली, म्हनून पिवळा येतो. दोनदा साबन लावला, दगडावर घासला. नाय गेला."

"साबण लावल्यावर डाग कसा दिसत होता?"

"असाच. पिवळाच ऱ्हायला." तानुबाईने बंडीवरून हात फिरवला. "लय जपायची हिला."

अमित बाहेर नळावर हात धूत होता. पंचविशीचा, गोड बोलणारा. बोटं आणि नखं पिवळी. साबणाचा पांढरा फेस बोटांवरून ओघळत होता. तानुबाईला बघताच त्याने हात पुसले, तिला आधार देऊन खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं.

"हात पिवळे कशाने झाले?" उज्वलांनी विचारलं.

"मामेबहिणीची हळद होती काल. सिन्नरला."

"सरिताला गोळ्या तूच द्यायचास?"

"सगळ्यांनाच देतो, मॅडम. एकाच खोक्यातल्या. तपासून घ्या."

उज्वलांनी डॉक्टर निकितांना फोन लावला. काही प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकून घेतली. सहादूला सिन्नरला चौकशी करायला सांगितलं. दुपारी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं.

टेबलावर पाण्याची बादली, साबणाची वडी, सरिताची बंडी आणि कपाटातली बाटली.

"ही बाटली सरिताच्या कपाटातली," उज्वला म्हणाल्या. त्यांनी एक कॅप्सूल फोडली, पिवळी पूड ओल्या रुमालावर चोळली आणि वर साबण फिरवला. रुमालावर लालभडक रंग उमटला.

"अस्सल हळद. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरोघर माहीत आहे. आता हे बघा."

बंडीवरच्या डागावर त्यांनी तोच साबण घासला. डाग पिवळाच राहिला.

"तानुबाईंनी दोनदा घासला, तेव्हाही पिवळाच होता. डॉक्टर सांगतात, हळद पोटात घेऊन घाम पिवळा होत नाही. पण एक रसायन आहे, वजन उतरवायला चोरून विकतात. ते शरीराला आतून जाळतं आणि घामातून पिवळं बाहेर येतं. म्हणजे सरिता खात होती ते वेगळंच काही होतं, आणि तिच्या कपाटात सापडली ती बाटली नंतर ठेवलेली. ती मैदानात कोसळल्यावर तिच्या कपाटात हात कुणी घातला?"

योगेश सरांनी सावकाश मान वळवली. "आधार कार्ड," ते पुटपुटले.

"सर आणि हर्षाली रुग्णवाहिकेत होते. कपाट उघडलं अमितने. कार्ड घेतलं आणि बाटली बदलली."

"हळद सगळ्यांच्याच हाताला लागते," अमित म्हणाला.

"पौषात कुणाच्या घरी लग्नाची हळद होते रे? तुझ्या मामांकडे सहादू जाऊन आला. तिथे लग्न नाही, काही नाही. आणि सकाळी नळावर तू हात धुतलेस तेव्हा फेस पांढराच होता. बोटांना हळद असती तर तो लाल झाला असता. तू रिकाम्या कॅप्सूल भरत होतास."

अमितने हात खिशात घातले. मग खुर्चीवर बसला. त्याच्या खोलीतल्या मसाजच्या तेलांमागे त्या रसायनाचा डबा होता, तेही त्यानेच सांगितलं.

"मारायला नव्हतं दिलं," तो म्हणाला. "सर तिला बोलले, ती माझ्यापाशी येऊन रडली. वजन उतरलं की राज्याच्या संघात गेली असती. तिच्यासोबत मलाही घेतलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पायच चोळायचे का मी?"

"ती जळतेय म्हणून सांगत होती."

"चाचणी तोंडावर होती. म्हटलं, थोडेच दिवस."

"आणि दवाखान्यात? डॉक्टर विचारत होत्या, हिने काय घेतलंय. तू तिथेच उभा होतास."

अमितने पिवळी बोटं मुठीत लपवली.

"तवा सांगितलं असतं तर वाचली असती का?" तानुबाईने विचारलं.

उज्वलांनी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. "कदाचित, मावशी," त्या म्हणाल्या. "निदान काय झालंय ते तरी कळलं असतं."

"आन ती हळद? ती तरी लागत होती का तिला?"

त्याचंही उत्तर डॉक्टरांनी दिलं होतं. सरावाने शरीरावर ताण येतो तो खरा, पण त्याच ताणातून शरीर घडतं. भरमसाट गोळ्या त्यात उलट आड येतात. जेवण आणि झोप पुरे होतं.

"नव्हती लागत," उज्वला म्हणाल्या.

तानुबाईने ओली बंडी पिळली, घडी घालून पिशवीत ठेवली. योगेश सर तिच्या पाया पडायला वाकले. ती बाजूला झाली आणि पोरीला न्यायची गाडी कधी मिळेल ते सहादूला विचारू लागली.

अमितला गाडीत बसवताना उज्वलांनी शेवटचा प्रश्न विचारला. "हे आणखी कुणाला दिलंस?"

त्याने खाली बघतच नावं सांगितली. त्र्यंबकची एक मुलगी, नाशिकचे दोन कुस्तीगीर, सिन्नरचा रोहित नावाचा धावपटू.

उज्वलांनी तिथूनच एकेकाला फोन लावला. मुलीने बाटली लगेच आणून देते म्हटलं. कुस्तीगिरांनी गोळ्या कधीच संपवल्या होत्या. त्यांना दवाखान्यात पाठवलं. रोहितच्या घरी वडिलांनी फोन उचलला.

उज्वलांनी सगळं सांगितलं. एक मुलगी मेली, तेही सांगितलं.

"मॅडम, पण आमच्या रोहितला काय बी त्रास नाय," वडील म्हणाले. "थोडं गरम होतं म्हनतो, तेवढंच. टाइम लय सुधारलाय त्याचा. रविवारी चाचणी हाय. ती झाली की मी स्वतः बाटली आनून देतो ना."

"अहो, आत्ता, या क्षणी ती त्याच्याकडून काढून घ्या!"

फोन कट झाला. उज्वलांनी पुन्हा लावला. रिंग वाजून थांबली. जीप सिन्नरच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी आणखी एकदा लावून बघितला. आता फोन बंद होता.