निळ्या पेन्सिलीखालचं वाक्य

दुपारी तीनच्या रंगीत तालमीला मेव्हिस थर्लो चहाचा थर्मास घेऊन हॅलिफॅक्सच्या त्या जुन्या थिएटरात पोचली आणि विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने पुन्हा प्रॉम्प्टिंग, नटांना विसरलेल्या ओळी पुरवण्याचं काम, पत्करलं होतं, ते फक्त विल्फसाठी.

नाटककार विल्फ गार्साइड म्हणजे नाही म्हटलं की तेच करणारा माणूस. चाळीस वर्षांपूर्वी लंडनच्या सेन्सॉरने त्याच्या नाटकाचं शेवटचं वाक्य निळ्या पेन्सिलीने खोडलं. पहिल्या प्रयोगाला तो स्वतःच ते म्हणायला रंगमंचावर शिरला. ते म्हटलं असतं तर याच थिएटरला टाळं लागलं असतं. त्याने तोंड उघडलं, आणि मेव्हिसने, त्याच्या होणाऱ्या बायकोने, दोर सोडून पडदा पाडला.

पुन्हा तो तिच्याशी बोलला नाही. ब्लॅकपूलच्या एका भाड्याच्या खोलीत एकटाच मेला. हिनेही लग्न केलं नाही. घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती केटलीशी बोलायची.

"मावशी, डुलक्या नकोत हं!" दिग्दर्शिका जिल खालून ओरडली. "उद्या ते वाक्य पहिल्यांदा लोकांच्या कानी पडणार!"

"तुझा नट निम्म्या ओळी गिळतो, बाई. डुलकी कसली लागतेय!"

शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही, ही नाटकवाल्यांची रीत. नट आधीच्या ओळीवर थांबला. टाळ्या झाल्या, मंडळी चहाला गेली. मेव्हिस मात्र बसून राहिली. उद्या ते वाक्य ऐकलं की सुटले, एवढंच तिच्या मनात होतं.

ओल्या लोकरी कोटाचा वास आला. मग पाइपच्या तंबाखूचा. रिकाम्या रंगमंचावर कुणीतरी घसा खाकरला... दोनदा. विल्फ बोलण्याआधी असाच खाकरायचा.

"बोल, विल्फ," ती पुटपुटली. "या खेपेला नाही पाडत... शपथ."

श्वास घेतल्याचा आवाज आला. "आणि म्हणून..."

धाडकन पडदा पडला.

जिल धावत आली. "मावशी, बटण कुणी दाबलं?"

कुणीच दाबलं नव्हतं. पडदा विजेवर चालायला लागून वीस वर्षं झाली होती, जुना दोर तर तेव्हाच काढून टाकला होता. मेव्हिसने मुठी उघडल्या. दोन्ही तळवे दोर सरकन निसटल्यासारखे सोलवटले होते, आणि त्यांत तागाची कुसळं रुतली होती.