मटार आणि हितसंबंध

टक्... टक्.

मटारच्या डब्यांच्या थप्पीवर तिने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि कान लावला. पलीकडून उत्तर आल्यासारखा आवाज आला — टक्... टक्.

तिला वाटलं, गोदाम घुमतंय. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर आलं, या वेळी जरा लाडिक.

"कोण आहे तिकडे?"

"डबा," थप्पीमागून आवाज आला. "मटारचा. इथे बोलायला कोणी नसतं हो."

ती हसणार नव्हती... पण हसली. वळसा घालून गेली, तर समोर उंच तरुण. बाह्या दुमडलेल्या, हातात लहानशी लाकडी दांडी.

"मी तपासनीस," तो म्हणाला. "परदेशातून आलेला माल चांगला की वाईट, ते सांगतो. आणि आपण?"

"तुम्ही ज्याच्या वतीने बोललात, त्या डब्याच्या मालकांची पुतणी."

"म्हणजे पर्यायताई!"

हे नाव हमालांनी ठेवलेलं. तिच्या पर्समध्ये पेन दोन, छत्र्या दोन. एक हरवलं तर दुसरं असावं, हा तिचा स्वभावच. मालाच्या बाबतीतही तेच. तिचे काका वर्षानुवर्षं एकाच परदेशी कारखान्याकडून मटार मागवत. तिने यंदा हट्टाने अर्धा माल एका नव्या कारखान्याकडून मागवला होता, तोही वेगळ्या बोटीने. शिवाय बोली केली होती, की लागला तर आणखी तेवढाच माल तयार ठेवायचा.

काका चिडले होते. "जुन्या माणसाला दुखवायचं आणि वर जास्त भाडं भरायचं! बरं पोरी, शाळा उघडायच्या आत त्यांच्या स्वयंपाकघरात डबे पोचले, तर पुढची सगळी खरेदी तुझ्या हाती. नाही पोचले, तर मी गोदाम विकून मोकळा."

म्हणून जुन्या कारखान्याचे डबे आधी पोचताच ती स्वतः ते वाजवायला आली होती. डबा वाजवून काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. पुष्कळ कळतं. डबा भरताना आतली हवा काढून टाकतात आणि कडा घट्ट मिटवतात. असा डबा टणटणीत बोलतो. कड सैल राहिली की हवा आत शिरते, आणि मग डबा ढब्ब वाजतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. तो माल पोटात जाता कामा नये.

दोघं थप्पीच्या दोन बाजूंनी वाजवत गेले. हळूहळू तपासनिसाचं हसू मावळलं. त्याने काही डबे बाजूला काढले, उलटे केले, कडांवरून अंगठा फिरवला.

"बोला," ती म्हणाली.

"तुम्हाला सांगायला... जड जातंय."

"मग पटकन सांगा. गोड बोलणारे तपासनीस माझ्या काय कामाचे?"

"हा माल जाऊ देता येणार नाही. अख्खी खेप वाईट आहे."

तिने एक श्वास घेतला. फक्त एकच. मग फोन काढला आणि नव्या कारखान्याला कळवलं, की राखून ठेवलेला मालही चढवा. त्यांची बोट अजून सुटायची होती.

तो बघतच राहिला. "रडणार नाही?"

"रडण्यासाठी पर्याय आहे की माझ्याकडे. चहा."

ती बोट येईपर्यंत मग बरेच चहा झाले. गोदामाच्या दारात, उलट्या खोक्यांवर बसून. समुद्राकडून खारं वारं यायचं, तिचे केस चेहऱ्यावर उडायचे, आणि तपासनीस चहाकडे बघण्याचं नाटक करायचा... फार वाईट नाटक.

"माणसांनाही पर्याय ठेवता का हो?" एकदा त्याने विचारलं.

"चांगल्या माणसांना ठेवावा लागत नाही."

"आणि मी?"

"तुमची तपासणी चालू आहे," ती म्हणाली आणि बशीत बघून हसली.

बोट आली. डबे गोदामात लागले. आता फक्त तपासणी व्हायची होती, की लगेच शाळांकडे ट्रक. तेवढ्यात तपासनिसाच्या साहेबांचा फोन आला. तो नेमका काकांनी उचलला.

"काय? हितसंबंध? कसला हितसंबंध?" काका खुर्चीतून उठले. "अहो, आमच्या धंद्यात त्याचा छदामही नाही!" फोन आपटून ते पुतणीकडे वळले. "तो तुझा तपासनीस म्हणतो, ह्या मालात माझा हितसंबंध आहे, मी तपासणार नाही. तू परस्पर भागीदार घेतलास काय?"

"नाही काका."

"मग त्याचा संबंध कसला? मटारशी?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग खाली बसले. "अस्सं," ते म्हणाले. "मटारशी नाही तर."

ती तडक तपासनिसाच्या कचेरीत गेली. "ऐन वेळी अंग काढून घेतलंत! ट्रक उभे आहेत माझे!"

"आमचा नियम आहे," तो म्हणाला. "मालाच्या मालकाशी काही... नातं असेल, किंवा व्हावंसं वाटत असेल, तर त्या मालाला हात लावायचा नाही."

"व्हावंसं वाटत असेल, हेसुद्धा नियमात आहे?"

"नाही. ते मी घातलं." त्याने मान वर केली. "उद्या कोणी म्हणायला नको, की तिचा माल तिच्या माणसाने पास केला. तुम्ही जिंकणार आहात. निखळ जिंका. आमचे मोठे तपासनीस निघालेत. फार खडूस आहेत."

"येऊ द्या खडूस," ती म्हणाली. "माझा माल चांगला आहे."

मोठे तपासनीस खरंच खडूस निघाले. चष्मा पुसून पुसून त्यांनी थप्पी धुंडाळली, कडा चाचपल्या, डबे उघडून दाणे चिमटीत दाबले. काका कोपऱ्यात घाम टिपत होते. ती मात्र मधोमध हाताची घडी घालून उभी होती. गोदामभर टणटण ऐकू येत होतं.

"जाऊ द्या माल," मोठे तपासनीस शेवटी म्हणाले, जणू वाईट बातमी सांगतायत.

काकांनी पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता खरेदी तुझी. मला नुसतं विचारत जा." मग खोकले. "आणि त्या हितसंबंधवाल्यालाही घरी बोलाव एकदा. बघू तरी."

हमाल ट्रक भरायला धावले. तपासनीस फाटकाबाहेरच उभा होता, नियमाने. ती त्याच्याकडे गेली.

"मी पुष्कळ विचार करून बोलते," ती म्हणाली. "पण हे फार विचार न करता सांगतेय. मला तुम्ही आवडता."

उत्तरादाखल त्याने फाटकावर बोटाच्या पेराने वाजवलं — टक्... टक्.

"चला ना आत," ती म्हणाली. "ट्रक भरायचेत."

"पण मी तर... तुमच्या मालाला हात लावायचा नाही."

"मालाला नकाच लावू," ती म्हणाली, आणि तिने आपला हात पुढे केला.