बोलमापकापुढचं भांडण

खांबडवाडीच्या रेशन दुकानात आता कार्ड लागत नव्हतं. खिडकीशी बसवलेल्या चपट्या पेटीपुढे दोन वाक्यं बोलली, की पेटी माणसाचं मूळ गाव सांगायची. तिचं नाव बोलमापक. जिभेचं आणि श्वासाचं वळण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत पक्कं होतं, पुढे माणूस कुठंही गेलं तरी ते सुटत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिचा सगळा कारभार.

वच्छीकाकी राऊळ तिच्यापुढे उभी राहिली की मुद्दाम दटावायची, "ओळख बघू माका, मेल्या." आणि पेटी बिनचूक तिच्या माहेरच्या वाडीचं नाव सांगायची. सासरी चोपन्न वर्षं काढून झाली होती, तरी पेटीनं माहेर हेरलं याचा तिला कोण आनंद! नवऱ्याला ते नाव शेवटपर्यंत धड लक्षात राहिलं नव्हतं.

पण त्याच पेटीनं मनमायाला परकी ठरवलं, तेव्हापासून काकी पेटीशी बोलेनाशी झाली.

मनमाया घर्तीचा बाप नेपाळातून खांबडवाडीतल्या आंब्याच्या बागेची राखण करायला आलेला. पोर जन्मली आणि वाढली ती बागेतल्या मांगरात, राखणदाराच्या खोपटात, त्यामुळे जन्माचा कागद नव्हता, शाळेचाही नव्हता. काजूच्या कारखान्यात ती चौदा वर्षं काकीच्या शेजारी बसून बिया फोडत होती. नव्या कायद्यानं मात्र रीतच उलटी करून ठेवलेली. आधी पाठवणी, मग ऐकणी. पेटीनं परकं म्हटलं की तिसऱ्या दिवशी माणूस हद्दीपलीकडच्या छावणीत. त्याची बाजू ऐकायची ती मागाहून, पडद्यावर, पंधरा मिनिटं. तीही बाहेरच्या कुणी एकवीस दिवसांत मागितली तर. त्या पंधरा मिनिटांत निकाल फिरला नाही, तर वाट कायमची बंद.

मनमायासाठी मागणारी काकी एकटीच होती. दुसरी इयत्ता शिकलेली बाई, पण अर्जावर अंगठा लावायला तिनं साफ नकार दिला. 'वत्सला' ही तीन अक्षरं तिनं पाच मिनिटं घेऊन लिहिली आणि ग्रामसेवकाला तेवढा वेळ उभं ठेवलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी काकीसमोर ग्रामपंचायतीतला पडदा उजळला. डाव्या बाजूला सुनावणी अधिकारी देशभ्रतार मॅडम, उजव्या बाजूला मनमाया. कुणाचातरी सैल स्वेटर घातलेली, गालफडं बसलेली. दोघींच्या मधे बोलमापकाचा आकडा, बोली शंभरात किती इथली ते सांगणारा.

"तुम्हाला काय सांगायचं आहे?" मॅडमनी विचारलं.

मनमायानं हात जोडले. "आदरणीय महोदया, माझे नाव मनमाया. मी या गावची रहिवासी असून आपणांस नम्र विनंती करते, की माझ्या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

आकडा एकोणीसवर थांबला. खाली ओळ उमटली: नंतर शिकलेली भाषा.

"पहिल्या वेळीही हेच आलं होतं," मॅडम काकीला म्हणाल्या. "आजी, यंत्र खोटं सांगत नाही. ही बोली यांच्या लहानपणची नाही."

"मग काय मी खोटां सांगतंय?" काकी फणकारली. पण पेटीचं खरंच होतं. ही भाषा मनमायाच्या लहानपणची नव्हतीच. कारखान्यात दिवसभर लागणाऱ्या रेडिओवरची ती बातम्यांची भाषा, आणि ती उचलायला लावली होती काकीनंच. 'सायबापुढे आपल्यासारखा बोला नको. हसतत. ती बातम्यांची बाई बोलता तसा बोल.' किती वेळा तिनं हे पोरीच्या डोक्यात भरलं होतं! आणि गुणाची पोर ते शब्दन् शब्द पाळत होती.

नऊ मिनिटं उरली होती. काकीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"काय गो मनमाया, माझो राखेचो डबो खंय नेलंस?"

मनमाया गोंधळली. "मी... मी तो घेतलेला नाही, काकी."

"घेतलेला नाही! मोठी इली महोदयावाली! जाताना हात मारून गेलंस मां? चोरटी मेली!"

काजूच्या टरफलातलं तेल हाताची सालं काढतं, म्हणून बिया फोडताना बोटांना राख लावतात. त्या राखेचा डबा म्हणजे काकीचा जीव. त्याला हात लावायची कारखान्यात कुणाची टाप नव्हती. पण चोरीचा आळ? मनमायाच्या नाकपुड्या फुलल्या.

"चोरटी कोणाक म्हणतंस गो म्हातारे? माका अंगावरच्या कापडांनी उचलून नेल्यानी, पायात व्हाणा नाय, आणि मी तुझो गंजको डबो काखेत घालून गेलंय? सोना होता त्येच्यात?"

आकडा एक्केचाळीस झाला.

"मगे गेलो खंय?"

"तुझ्याच पाटाखाली बघ! दर सोमवारी थयच ठेवतंस आणि दर मंगळवारी माझ्या नावान बोंब मारतंस! चौदा वर्सां तुझ्या बाजूक बसान हातांची सालां काढलंय, कधी एक काजूगर तोंडात टाकूक नाय, आणि चार माणसांत माका चोर म्हणतंस? तुका लाज कशी नाय वाटणा?"

त्र्याऐंशी. सत्त्याण्णव. खाली ओळ बदलली: खांबडवाडी, चार किलोमीटरच्या आत.

मनमायाचं लक्ष आकड्याकडे गेलं आणि ती रडता रडता हसायला लागली. "काकी, तू मुद्दाम..."

"डबो पाटाखालीच आसा," काकी म्हणाली. "सकाळीच बघलंय."

देशभ्रतार मॅडम तोंडावर फाईल धरून हसत होत्या. "माझी आजी बी असंच भांडे," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि पेटीनं न विचारता त्यांच्या नावाखाली भंडाऱ्याजवळचं एक खेडं दाखवलं. त्यांनी घाईनं ती खिडकी बंद केली. "हद्दपारी रद्द. पुढच्या गाडीनं या घरी."

काकीनं पदर सावरला. आता उठून तोऱ्यात बाहेर पडायचं एवढंच उरलं होतं. पण तिची नजर पडद्यावर मनमायाच्या मागच्या बाकावर गेली. तिथं एक बाई बसली होती. मघापासून ती भांडण बघत होती. आता हसून हातांनी काहीतरी सांगत होती, भराभरा, बोटं नाचवत.

"ती कोण गो?"

"ती मुकी आसा, काकी. पेटीपुढे बोलली नाय म्हणान परकी. तिच्यासाठी कोणी अर्ज करूक नाय. उद्याचो एकविसावो दिवस."

काकी पुन्हा खुर्चीत टेकली. "बाईसाहेब, तिच्या अर्जावर माझा नाव घाला."

"आजी, ती तुमची कोण?"

"कोण नाय. पण तिका कोणी विचारूक नाय, ह्या माका कळला."

मॅडमचं हसू मावळलं. "तुमचं नाव घालते. पण हातवारे मापणारं यंत्र अजून निघालेलं नाही. ते कधी निघेल, तिचं गाव कधी कळेल, कोण सांगणार?"

"नसांदे यंत्र. बघणारा माणूस बसवा." काकी बाकावरच्या बाईकडे बघत राहिली. जन्मात पहिल्यांदाच समोरच्याशी भांडायला तिची जीभ उपयोगाची नव्हती. "माका येक सांगा, बाईसाहेब. तिचा ऐकून होयपर्यंत तिना र्‍हवाचा खंय? हद्दीच्या ह्या बाजूक, की त्या?"