फळीवरचं दुसरं नाव

रशियनचा माझ्याइतका जाणकार बोईसरमध्ये दुसरा नाही, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो. कारखान्यातल्या रशियन यंत्रांची कागदपत्रं मी वीस वर्षं मराठीत आणली. पण जीव जडला तो जुन्या स्लाव्ह भाषांतल्या दोन ऱ्हस्व स्वरांवर. आठ-नऊशे वर्षांपूर्वी ते बोलण्यातून गेले आणि किरिलिक लिपीत त्यांची अक्षरं तेवढी उरली. ते नेमके कसे ऐकू येत, हे आज कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मी सांगायचो.

मंजुळाबाईंकडून मी नेहमी मासळी घेतो. त्यांच्या मुलाला, सुजीतला, जाळ्यात एक फळी सापडली. तिच्यावर चार किरिलिक अक्षरं कोरलेली होती, आणि त्यांत माझ्या एका हरवलेल्या स्वराचं अक्षर दोनदा. मी हरखलोच. "याचा अर्थ झोप," मी सांगितलं. दर्याने दिलेलं परत टाकायचं नाही, म्हणून सुजीतने ती होडीच्या तोंडावर, 'सोनमाउली' या नावाखाली ठोकली.

पंधरा दिवसांनी भर दुपारी मंजुळाबाईंचा फोन आला. सुजीत एकटाच गेला होता, कालच्या भरतीला यायचा तो अजून आला नव्हता. मी रिक्षा करून तारापूरच्या किनाऱ्यावर पोचलो. ऊन लख्ख होतं, वारा पडलेला, बोंबील वाळत होते.

तिथे उशीर झाला की माणसाला नाही, होडीला नावाने हाक मारतात. मंजुळाबाईंचा घसा बसला होता.

"तिच्यावर दोन नावं हायत, सर. एकाच नावानं ती कशी येल? दुसरी हाक तुमी मारा."

गुडघाभर पाण्यात उभा राहून मी ओरडलो, आजचे रशियन म्हणतात तसं. काहीच नाही. मग तो हरवलेला स्वर दोन्ही जागी ठेवून ओरडलो. आठ-नऊशे वर्षांत हा शब्द असा कोणी उच्चारला नसेल. खोटं कशाला बोलू, तशाही प्रसंगात माझी छाती फुगली.

समुद्रावरून तोच शब्द परत आला.

प्रतिध्वनी यायला समोर काही नव्हतं. आणि त्यातले स्वर माझ्यापेक्षा आखूड होते. माझी चूक कोणीतरी सुधारली होती.

मग इंजिनाचा आवाज आला. मागोमाग सोनमाउली दिसली.

सुजीत धडधाकट उतरला. मंजुळाबाईंनी रडत रडत त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"जेवलास का रे?"

तो शांतपणे एक लांब वाक्य बोलला. त्यात ते स्वर जागोजागी होते, अगदी सहज.

मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, काय बोलतो हा?"

मी भ्यालो होतो. तरीही, तिथे त्याचा अर्थ लावू शकणारा मी एकटाच होतो, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

"विचारतोय," मी म्हणालो, "या बाई कोण?"