गाण्याखालची टकटक

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे... शब्द खरे आहेत, क्रम जरा इकडेतिकडे झाला असेल.

एक मुलगी होती. तिला सगळे चिमटी म्हणायचे, कारण तिचं कामच तसं. जुन्या तबकड्यांवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची आणि त्यातली टिकटिक एकेक करून उपटायची, पायातला काटा काढतात तशी. खोली तळघरात. खिडकी नाही, भिंतींना जाड फोम, भर दुपारीही मिट्ट काळोख आणि भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. तिथे स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यायचं.

एका सकाळी नेहमीसारखं खोकं आलं आणि त्यात ती तबकडी निघाली, जिच्यासाठी ती मुळात या धंद्यात शिरली होती.

शंभर वर्षांपूर्वी एक वाटाड्या गुहेत अडकला होता. पायावर दगड. आतून तो टकटक करायचा. तीनदा, थांबून परत तीनदा. बाहेर खणणं चालू, आणि बघ्यांची ही गर्दी. आठव्या दिवशी एक गाणारा गुहेच्या तोंडाशीच आवाज भरायचं यंत्र लावून बसला आणि वाटाड्याच्या मरणाचं गाणं भरून मोकळा झाला. वाटाड्या मेलाय का, हे कुणी विचारलं नाही. चाल चांगली होती. त्याच दिवशी मुकादमाने खडकाला कान लावला, आवाज येत नाही म्हणाला, आणि फावडी खाली ठेवली गेली. पुढे कधीतरी वाटाड्याचं प्रेत बाहेर काढलं, तेव्हा त्याने दिवस मोजायला भिंतीवर ओढलेल्या रेघा अकरा होत्या.

तो मुकादम म्हणजे चिमटीचा पणजोबा. तेव्हापासून त्यांचं घर म्हणजे बहिऱ्याचं घर. तिचे बाबा जन्मभर एकच सांगत आले, की आठव्या दिवशी त्या बिचाऱ्याच्या हातात त्राणच नव्हतं. आवाज झालाच नाही, तर आजोबा ऐकणार काय?

बाबा आता थकले होते. तिने फोन करताच काठी टेकत आले, भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले. चिमटीने आधी स्वतः ऐकलं.

पडद्यावर टिकटिक उभ्या काट्यांसारखी दिसते. धुळीची कुठेही येते. ओरखड्याची दर फेऱ्याला एकदा. ही तीन होती... थांबून परत तीन. खोक्यात त्याच गाण्याची दुसरी प्रत होती, तीही तिने उतरवून घेतली. त्याच जागी, तीन. दोन तबकड्यांना एकाच जागी ओरखडा पडत नसतो.

शेवटच्या कडव्यानंतर गाणारा श्वास घेतो, आणि मागे कुणीतरी अगदी शांतपणे म्हणतं, "आवाज येत नाही."

त्याच्या पाठोपाठ... तीन.

तिने वळून पाहिलं. बाबा दोन्ही हात काठीवर ठेवून, निकाल लागायच्या दिवशी पोरं बसतात तसे बसले होते. पहिल्या प्रतीत टकटकीचे सत्तावीस काटे होते. तिने सत्तावीसच्या सत्तावीस उपटले आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"टकटक नाही ना गं?"

"नाही, बाबा. आवाज येत नाही."

बाबांनी डोळे पुसले. आपल्या घरात सगळ्यांचे कान शाबूत आहेत म्हणाले, फक्त तुझी आत्या सोडली तर.

आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीत वाजलं. तीनदा.

"कोण गं?"

"शेजारी... काम चाललं असेल."

त्या भिंतीपलीकडे फक्त माती होती. हे बाबांनाही माहीत होतं.

परत तीन. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग सावकाश वळले, काठीच्या मुठीने भिंतीवर तीनदा ठोकलं.

"ऐकू येतंय रे बाबा..." ते म्हणाले. "ऐकू येतंय."

भिंत गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी चिमटीने उपटलेले काटे होते तसे परत बसवले. बहिऱ्याचं घर तर बहिऱ्याचं घर. मग खात्री म्हणून दुसऱ्या प्रतीतले मोजले, जिला तिने हातही लावला नव्हता. तीस भरले. शेवटचे तीन वेगळे होते, जरा जड. दगडावर दगड नाही, लाकूड आपटल्यासारखे.

झाली गोष्ट. आता माझी बिदागी. अहो, पैसे नकोत. ज्याने ही ऐकली त्याने टेबलावर तीनदा वाजवायचं, म्हणजे तिकडे कळतं. हां. एक... दोन... तीन. पुरे.

पुरे म्हटलं ना.

...थांबा. तुमचे दोन्ही हात तर कपाला आहेत.